शिल्लक मंत्र एकेचाळीस

नियमांचं पुस्तक कसं वाचावं हे मला कुणी शिकवू नये! एकोणीस वर्षं मिलमध्ये टाइमकीपर होतो मी. मिलला टाळं लागलं तेव्हा माझी एकशे साठ दिवसांची रजा शिल्लक होती. इंदुमतीला, म्हणजे आमच्या सौ.ना, रामेश्वर दाखवायचं म्हणून एकेक दिवस जपलेला. मिल गेली, रजाही गेली.

घरी बसून माश्या मारत होतो, तेवढ्यात पुतण्या पुष्कर आणि त्याच्या वर्गातली सुरभी भंवरकुआंच्या बाजारातून एक खेळ घेऊन आले. झेरॉक्सचं जाडजूड पुस्तक आणि चित्रविचित्र फासे! सुरभी गोष्ट सांगणार, आपण त्यातली माणसं व्हायचं. मेलं की खेळातून बाहेर.

इंदुमती तिरंदाज झाली. मिल बंद झाल्यापासून पहिल्यांदाच ती खळखळून हसली. मी झालो योद्धा, पण थोडीशी जादूही येणारा.

"म्हणजे डबल ड्यूटी?" मी विचारलं.

"हां काका. पण मंत्र एकच, जखम भरायचा. दिवसातून एकदा," सुरभी म्हणाली.

"जुनी जखम चालेल? घोड्याची? मंत्र म्हणताना तलवार खाली ठेवायची का?"

"काका, पहले खेलो तो सही!"

चार रविवारांत गोष्टीतले बेचाळीस दिवस गेले. पुष्करला लांडगा चावला. मी म्हटलं, "हळद लाव!" इंदुमती दरीत पडली.

"अहो, मंत्र म्हणा ना!"

"थोडं सोस. जपून ठेवलाय!"

बेचाळिसाव्या दिवशी मात्र कुतूहल आवरेना. मंत्र चालतो तरी का? माझ्या योद्ध्याच्या पायाला कुरूप होतं, त्यावर म्हणून पाहिला. कुरूप साफ! मी तर हरखूनच गेलो.

आणि लगेच गुहेतून राक्षस आला. त्याचा पहिलाच सोटा इंदुमतीला बसला.

"काकू मरतायत!" सुरभी ओरडली. "मंत्र लागेल, अभी के अभी!"

"एक कशाला? दहा म्हणतो! एकेचाळीस शिल्लक आहेत!"

"शिल्लक?"

"रोजचा एक. वापरले नाहीत ते साठले."

सुरभीनं पुस्तक चाळलं. "काका, साठत नाहीत. त्या दिवशी नाही वापरला की लॅप्स. आणि आजचा तुम्ही कुरुपावर..."

"असा कसा लॅप्स? युनियनला विचारा!"

"अरे काका, कौन सी यूनियन?" पुष्करनं कपाळाला हात लावला.

इंदुमतीनं आपल्या मेलेल्या तिरंदाजाची माहिती लिहिलेला कागद माझ्यापुढे सरकवला. "रामेश्वरही असंच साठवून ठेवलं होतंत," एवढंच म्हणाली. मला फार वाईट वाटलं. खरं सांगतो, मान वर करवेना.

"चहा टाकतेस का?" मी विषय बदलला.

"मी मेलेय. मेलेली माणसं चहा टाकत नाहीत."

मुकाट्यानं स्वयंपाकघरात गेलो. साखरेचा डबा काही सापडेना. दारातून विचारलं, "अगं, साखर कुठेय?"

इंदुमती गप्प! सुरभीनंच पुस्तकात बोट ठेवून सांगितलं, "काका, मेलेल्यांशी बोलायचा मंत्र तुमच्या योद्ध्याला येत नाही!"