न्यायाधीशांचं फावडं

निवडणुकीला अठरा दिवस उरले असताना न्यायाधीश डेलमर स्टकी यांच्यापुढे टपालपेटीचा खटला आला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

मोंटानातल्या त्या गावात न्यायाधीश मतांवर निवडून येई. डेलमर पूर्वी बियाणं विकत. कायदा त्यांना बियाण्याच्या पाकिटावर छापलेला असतो तेवढाच ठाऊक होता, पण मतं पक्की होती. यंदा मात्र राज्यात एका प्रस्तावावर मतदान होतं: किरकोळ खटले शहरातल्या मोठ्या कोर्टात जावेत आणि न्यायाधीश समितीने नेमावेत. तो मंजूर झाला की डेलमरची खुर्ची गेली. म्हणून त्यांनी अंगणात ‘नाही म्हणा’ अशी पाटी रोवली होती.

“बर्फ लोटताना ह्याच्या ट्रकनं माझी रस्त्याकडेची टपालपेटी आडवी केली, जज्जसाहेब!” फिर्यादी रस्क कडाडला.

“मग काय, रस्त्यात उभी होती!” ट्रकवाला ट्वेट म्हणाला.

रस्कच्या घरची एकवीस मतं, ट्वेटच्या घरची चोवीस. डेलमरनी मनातल्या मनात हिशेब केला आणि निकाल दिला, “दोघंही बरोबर आहात. पेटी कोर्ट बसवून देईल.”

कोर्ट म्हणजे स्वतः डेलमर. रविवारी गोठलेल्या जमिनीत त्यांनी खड्डा खणला. ही बातमी गावभर झाली. सोमवारी बर्गस्टॅडबाई हजर.

“माझ्याही दारात ट्वेटनंच बर्फ लोटलाय. मला खटला-बिटला नको. तुम्ही फावडं घेऊन या.”

बाईंची चर्चमध्ये मोठी वट. डेलमर गेले. मग शेजारीण, मग तिचा दीर. मतदानाच्या दिवसापर्यंत नऊ दारं उपसून झाली आणि पाठीचा पार भुगा झाला.

“खुर्ची वाचवतोयस खरा,” मलम चोळत बायको आर्लीन म्हणाली, “पण तिच्यावर बसणार कसा?”

मतदानाच्या आडोशाला डेलमर कण्हत वाकले. समोर ‘हो’ आणि ‘नाही’. डोळ्यांपुढे दहावं दार आलं. त्यांनी मुकाट्याने ‘हो’चा गोल भरला आणि अठरा दिवसांत पहिल्यांदा त्यांना हायसं वाटलं.

रात्री शाळेच्या दारावर गावचे आकडे लागले: नाही एकशे बेचाळीस, हो एक. राज्यातही प्रस्ताव आपटला.

सकाळी रस्क आणि ट्वेट चक्क एकाच ट्रकमधून आले.

“जज्जसाहेब, गावात एक गद्दार आहे,” रस्क म्हणाला. “तुमच्या पोटावर पाय आणत होता मेला! आम्ही दोघांनी मिळून तक्रार लिहिलीय. शोधून काढा त्याला.”

“अरे, मतदान गुप्त असतं,” डेलमर पुटपुटले.

“म्हणून तर कोर्टात आलो!”

आर्लीनने नवऱ्याकडे एकदाच पाहिलं आणि कॉफी ओतायला घेतली. डेलमरनी घाईघाईने एप्रिलची तारीख दिली.

दारातून ट्वेट मागे वळला. “आणि हो, ट्रक वळवताना तुमची टपालपेटी गेली बघा. पण काळजी नको. कोर्ट बसवून देतंच की!”