त्रिवेणीबाईसाहेबांनी संगणकास नवा कारभारी नेमिला, ती हकीकत

श्रीकुळस्वामिनी प्रसन्न. आधी दीप लाविला, मग हात जोडिले, मग लेखणी धरिली. जैसे घडले तैसे मांडिले, उणे दिसेल ते लिहिणाराचे, पुरे दिसेल ते देवीचे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, आषाढ शुद्ध एकादशीपासून ही हकीकत चालती जाहली.

एक राज्य होते. त्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. पूर्वेस तुळशीची कुंडी, पश्चिमेस जिना, उत्तरेस शेजाऱ्यांची भिंत, दक्षिणेस वाळत घातलेली धुणी, ऐसी चतुःसीमा, आणि तिसऱ्या मजल्यावर राजधानी. तेथे त्रिवेणीबाईसाहेब राज्य करीत होत्या, आणि त्यांचे यजमान नीळकंठराव सरकार वर्तमानपत्राच्या आड विराजमान असत. बाईसाहेब मोठ्या नेमाच्या. सोमवार, चतुर्थी, एकादशी कधी चुकली नाही. आवाज ऐसा मृदु की कुकरच्या शिट्टीपुढे आज्ञा ऐकू जात नसे, परंतु ती मोडीतही कोणी नसे. त्या साली चातुर्मासास त्यांनी नवा नेम धरिला. रोज पूजा आटोपल्यावर संगणकापुढे बसावे, आणि ज्याने आयुष्यात आपले भले केले ऐसे एक माणूस आठवावे, आणि त्याचे नाव व उपकार एका ओळीत लिहावा, आणि कार्तिकात उद्यापनाचे दिवशी सारी नावे देवीपुढे वाचावी. एक दिवस, एक नाव, खंड पडो नये, ऐसा पाणी सोडून संकल्प केला. सरकार वर्तमानपत्र खाली न करिता बोलिले, “आमचं नाव कितव्या दिवशी येणार?” बाईसाहेब बोलिल्या, “शेवटच्या. तोवर नीट वागा.”

आता संगणकास देह असतो, परंतु तो देह चालविणारा एक कारभारी लागतो. तोच यंत्रास उठवितो, तोच निजवितो, दप्तरे मांडितो, छपाईयंत्रास हुकूम देतो. त्यास ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. बाईसाहेबांचे पदरी जो कारभारी होता तो परदेशच्या कंपनी सरकाराने धाडिलेला. दहा वर्षे त्याने इमाने चाकरी केली, आणि मग श्रावणात पडद्यावर फर्मान उमटले जे, आश्विन वद्य अष्टमीनंतर याचा पहारा उठेल, पुढे चोर-विषाणू आल्यास आम्ही जाब देणार नाही, आणि याच्या जागी धाकटा कारभारी हवा तर हे यंत्र त्यास चालणार नाही, नवे आणावे. बाईसाहेबांनी यंत्राकडे पाहिले. त्यावर त्यांनी स्वहस्ते विणलेले आच्छादन होते. चालते यंत्र टाकून देणे त्यांच्या मनास येईना.

मग भाद्रपदात गौरींबरोबर बाईसाहेबांची भाची शाल्मली माहेरपणास आली. ती यंत्रविद्येत मोठ्या हुद्द्यावर. तिने पिशवीतून नखाएवढे तीन पेनड्राइव्ह काढून पाटावर ठेविले आणि बोलिली, “मावशी, हे तीन कारभारी बघ. लिनक्स म्हणून मोठं कूळ आहे, त्यातलेच तिघे. पैसे पडत नाहीत.” बाईसाहेबांस शंका आली. “फुकट चाकरी कोण करतं गं? उद्या काहीतरी मागतील.” शाल्मली हसली आणि बोलिली, “नाही मागत. नुसते फुकट नाहीत, मोकळे आहेत. त्यांना कसं घडवलं ते सगळं उघडं लिहून ठेवलंय. हवं त्यानं वाचावं, चूक दिसली तर सुधारावी, शेजाऱ्याला नक्कल द्यावी.” सरकार आडून बोलिले, “म्हणजे आपल्या सोसायटीच्या नियमांसारखंच. उघडे आहेत, वाचत कुणी नाही.” शाल्मली बोलिली, “इथे वाचतात, काका.” आणि मग तिने पाहुणचाराची रीत सांगितली जे, पेनड्राइव्ह लावून यंत्र उठविले म्हणजे जुन्यास धक्का न लागता नव्याच्या राज्यात राहून पाहता येते. आवडले तर कायमचे बसवावे, मात्र त्या समयी जुने समूळ पुसले जाईल. “आणि एक लक्षात ठेव हं मावशी, पाहुणी म्हणून राहिलीस तर तिथे जे करशील ते यंत्र बंद केलं की गेलं. स्वप्नासारखं.” बाईसाहेबांनी मान हलविली.

शुद्ध नवमीस गौरींचे जेवण आटोपून पहिल्याच्या राज्यात स्वारी गेली. त्याचे नाव स्थिरपंत ठेविले. करडा महाल, भिंतीवर चित्र नाही, बोलणे मोजके. मराठी अक्षरे मागितली तर पंतांनी दोनदा विचारिले, मग दिली, आणि दिली ती पक्की दिली. नवी गोष्ट कोणी आणिली तर वर्ष वर्ष पारखून मग दारात घेणार ऐसी ख्याती. दशमीस गौरी बोळविल्या आणि दुसऱ्याच्या राज्यात स्वारी गेली. ते हिरवे कारभारी. त्यांनी घराची मांडणी थेट जुन्यासारखी केलेली, डावीकडे खाली दरवाजा, तेथेच खुंट्या, तेथेच कपाटे, बाईसाहेब बोलिल्या, “ही तर सवतीने माझीच साडी नेसल्यासारखी झाली.” त्याच सायंकाळी शाल्मली आपल्या गावी गेली. एकादशीस, उपास असता, तिसऱ्याच्या राज्यात स्वारी एकटीच गेली. त्याचे नाव नित्यनूतनराव.

त्या राज्याची शोभा काय सांगावी. उघडताच एक सरोवर, त्यावर धुके, आणि धुक्यापलीकडे डोंगराची ऐसी रेघ की आहे म्हणावे तर नाही आणि नाही म्हणावे तर आहे. खिडक्या उघडत त्या पाण्यावर पान यावे तैशा तरंगत येत, आणि मिटत त्या विरघळत. बाईसाहेबांनी पहिले नाव तेथे लिहिले, शाळेतल्या आगाशे बाईंचे, ज्यांनी पावसात आपली छत्री देऊन स्वतः भिजत घर गाठले होते. अक्षर उमटले ते पाण्यावर लिहिल्यासारखे दिसले, आणि बाईसाहेबांस वाटले की हे नाव येथूनच थेट देवीस पोचले. मग दुसरे दिवशी, तिसरे दिवशी, तेथेच. घरात असून त्या घरात नसत. भाजी निवडताना धुके दिसे, गंध उगाळताना सरोवर दिसे. शाल्मली फोनवर विचारी, “मावशी, ठरलं का कुणाला ठेवायचं?” बाईसाहेब म्हणत, “बघते गं. एकाला ठेवायचं तर जुन्याला पुसायचं, माझं मन धजत नाही. आणि तिघांनाही काही द्यायचं नाही, मग घाई कसली?” पहारा उठण्याचा दिवस जवळ येत चालला तरी निवड होईना.

आणि बंद केले की जाते, याचा त्यांस विसर पडला होता ऐसे नव्हे. त्यांनी नेमस्त बाईचा उपाय काढिला. बंदच करावयाचे नाही! नवरात्रात नऊ दिवस नंदादीप अखंड ठेवणारा हात. त्यास एक यंत्र जागते ठेवणे काय अवघड? त्यांनी कागदावर ‘बंद करू नये’ ऐसे लिहून बटणावर चिकटविले, आणि रोज उदबत्ती ओवाळताना एक वळसा यंत्रासही देत, आणि रोज ओळ लिहून जतन करण्याची खूण दाबीत, आणि खूण दाबिली म्हणजे जतन जाहले ऐसे समजत. सरकार बोलिले, “अगं, इस्त्रीला प्लग नाही. तेरा दिवस मी चुरगळलेल्या सदऱ्यानं फिरतोय.” बाईसाहेब बोलिल्या, “देवाच्या कामाला थोडं चुरगळावं माणसानं.”

ऐसे करिता एकोणीस नावे जाहली. मध्ये एका तिथीचा क्षय, म्हणोन सर्वपित्री अमावास्येस एकोणिसावा दिवस आला. त्या दिवशी सकाळी नाव लिहून, स्वयंपाक करून, बाईसाहेब पान वाढून गच्चीवर गेल्या आणि कावळ्याची वाट पाहू लागल्या. कावळा येईना. इतक्यात गल्लीच्या तोंडाशी ट्रान्सफॉर्मरने मोठा आवाज केला आणि वीज गेली. यंत्रापाशी यूपीएस नामे म्हातारा किल्लेदार होता, त्याने टूं टूं करून हाक दिली. सरकार पलंगावर डोळे मिटून ऐकत होते. त्यांस वाटले, खाली कोणी मोटार मागे घेतो आहे. किल्लेदाराने चार मिनिटे किल्ला लढविला आणि देह ठेविला. बाईसाहेब खाली आल्या तो पडदा काळा.

सायंकाळी वीज आली आणि पेनड्राइव्हवरून राज्य पुन्हा उठले. सरोवर तेच, धुके तेच, डोंगराची रेघ तीच. परंतु बाईसाहेबांस तेथे कोणी ओळखीना. कपाट रिते, जणू त्या कधी आल्याच नव्हत्या. पहिली एकोणसाठ नावे जुन्याच्या दप्तरात सुखरूप होती. पुढची एकोणीस धुक्यात गेली. बाईसाहेब खुर्चीत बसल्या आणि बोलिल्या त्या ऐशा हळू की सरकारांस वर्तमानपत्र खाली करावे लागले. “अहो, नंदादीपाशेजारी दुसरी लहान समई लावून ठेवतात, मोठा विझला तर तिच्यावरून पेटवायला. चाळीस वर्षं मी ती ठेवते. आणि इथे विसरले.” सरकार बोलिले, “तू लिहिलंस ते देवीनं वाचलं असेल की. तिला काय बटण दाबावं लागतं?” बाईसाहेब बोलिल्या, “वाचलं असेल. पण मी सगळी तिच्यापुढे वाचून दाखवीन म्हणाले होते. शब्द माझा होता.” आणि डोळ्यांस पदर लाविला.

सरकारांस टूं टूं आठवत होते आणि ते गुन्हेगारासारखे उभे होते. मग त्यांनी वही आणिली, चष्मा चढविला आणि बोलिले, “एक. आगाशे बाई, छत्री. दोन. तो एसटीचा कंडक्टर, काय नाव, सुभान मुजावर, तुझी विसरलेली पिशवी घेऊन घरी आलेला. तीन. सिस्टर फिलोमिना, बाळंतपणात हात धरून बसलेली.” बाईसाहेब पाहतच राहिल्या. “तुम्हाला कसं ठाऊक?” सरकार बोलिले, “तू लिहिताना पुटपुटतेस. मी काय रोज दोन तास पेपर वाचतो असं वाटलं तुला?” मग दोघे मिळून आठवू लागले, एक म्हणे शिंपी, दुसरा म्हणे नाही, आधी ती स्टेशनवर शाल देणारी बाई, आणि दिवेलागणीपर्यंत अठरा नावे वहीत उतरली. वद्य षष्ठीचे मात्र येईना. त्या दिवशी सरकार दाढ काढावयास गेले होते, ऐकणारे कोणी नव्हते. बाईसाहेबांस इतकेच स्मरे की ते नाव लिहून त्या सरोवराकडे पाहत बसल्या होत्या आणि फार हलके वाटले होते. कोणाचे, ते स्मरेना. नेमास एका दिवसाचा खंड, आणि त्याहून मोठे दुःख हे की उपकार स्मरण्यास बसले आणि उपकारकर्त्यासच विसरले.

दुसरे दिवशी आश्विन शुद्ध प्रतिपदा. घट बसविला, दीप लाविला, शेजारी लहान समई लाविली, आणि मग बाईसाहेबांनी शाल्मलीस फोन केला. “ठरलं. स्थिरपंत.” शाल्मली बोलिली, “अगं, तुला तर ते धुक्याचं आवडलं होतं!” बाईसाहेब बोलिल्या, “आवडलं होतंच. पण ते रोज नवं होतं आणि मी रोज तीच. ज्याला घाई नाही त्याच्याशी माझं निभेल. आणि पाहुणी म्हणून आता राहवत नाही गं. कुठेतरी घर म्हणून राहीन.” तेव्हा शाल्मलीने सांगितले तैसे आधी जुन्याचे दप्तर पेनड्राइव्हवर उतरविले, एकदा नव्हे दोनदा, आणि दुसरी नक्कल देव्हाऱ्याच्या खणात ठेविली. जुन्या कारभाऱ्यास हळदकुंकवाचे बोट लाविले. मग स्थिरपंतांस कायमचे बसविण्याचा हुकूम दाबिला, आणि पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली.

फोन कानास होता. बाईसाहेबांनी विचारिले, “हे मराठी अक्षर इतकं नीट दिसतं, जोडाक्षर फुटत नाही, हे कुणी केलं?” शाल्मली बोलिली, “पुष्कळांनी, मावशी. कुणी नोकरी म्हणून, कुणी सुट्टीच्या दिवशी घरी बसून. एकानं र जोडला, दुसऱ्यानं मात्रा सरळ केली.” “त्यांची नावं?” “काहींची असतील लिहिलेली खोलात कुठे. काहींनी लिहिलीच नाहीत. हजारो आहेत गं, कुणाकुणाचं घेणार?” पट्टी सरत होती, घटाशी दोन ज्योती हलत होत्या, आणि बाईसाहेबांस त्या करड्या रित्या महालात पुष्कळ माणसे दिसू लागली. कोणी चौकट तासतो आहे, कोणी उंबरा घासतो आहे, कोणी भिंत लिंपून हात धुतो आहे आणि मागे न पाहता निघून जातो आहे, आणि कोणाचेच तोंड दिसत नाही, पाठी तेवढ्या दिसतात. पट्टी भरली. स्थिरपंतांनी दार उघडिले आणि नाव विचारिले, आणि बाईसाहेबांनी आपले नाव सांगितले. मग वही पुढे घेऊन अठरा नावे आपापल्या तिथीस लिहिली, आणि वद्य षष्ठीपाशी येऊन बोटे थांबली, आणि मग त्यांनी लिहिले जे, ‘ज्याचे नाव मला ठाऊक नाही, आणि ज्याचे ठाऊक होते पण राहिले नाही, त्याने माझे भले केले.’ आणि जतन केले, आणि तीच ओळ वहीतही लिहिली.

येणेप्रमाणे राज्यास नवा कारभारी जाहला, यंत्र तेच राहिले, आणि सरकारांच्या सदऱ्यास इस्त्री मिळाली. कार्तिक शुद्ध द्वादशीस उद्यापन जाहले. बाईसाहेबांनी सारी नावे मृदु स्वरे वाचिली. त्या एका ओळीपाशी आल्या तेव्हा वाचन थांबवून त्यांनी देवीकडे नव्हे, दाराकडे पाहून हात जोडिले, क्षणभर वाट पाहिली, आणि पुढचे नाव घेतले. इति हकीकत.