पाहुण्यानं आधी खायचं

चूक ग्रिसेल्डाबाईंचीच होती. आदल्या दिवशी बालवर्ग सुटताना त्या पोरांना एवढंच म्हणाल्या होत्या, "उद्या आपल्याकडे पाहुणे येणारेत. पाहुण्यांशी कसं वागायचं ते आईनं शिकवलंय ना? तसंच वागायचं."

पाहुणा म्हणजे विद्यापीठातला ट्रेव्हिन्यो नावाचा तरुण. चार वर्षांच्या पोरांना मनाला आवर घालता येतो का, हे तो तपासणार होता. घरी स्पॅनिश आणि शाळेत इंग्रजी या ओढाताणीत पोरांचा गोंधळ होतो, असं मुख्याध्यापिका व्हिटलॉकबाईंचं ठाम मत होतं. अहवाल वाईट आला की पुढच्या वर्षी वर्गातलं स्पॅनिश बंद. टेक्सासच्या सरहद्दीवरच्या याच गावात स्पॅनिश बोलल्याबद्दल ग्रिसेल्डाबाई लहानपणी कोपऱ्यात उभ्या राहिल्या होत्या. त्याचा राग त्यांच्या मनातून अजून गेला नव्हता.

परीक्षा साधी होती. पोरासमोर एक कोकादा, म्हणजे नारळाची गुलाबी वडी ठेवायची. "मी परत येईपर्यंत खाल्ली नाहीस तर दोन मिळतील," असं सांगून बाहेर जायचं आणि दाराच्या काचेतून बघायचं. पोरं नऊ, वड्या अठरा.

पहिली नेरेइदा बसली. तिने वडीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि बशी उचलून थेट बाहेर आली. 

"घ्या ना," ती ट्रेव्हिन्योला स्पॅनिशमध्ये म्हणाली.

त्याचं आडनाव तेवढं स्पॅनिश उरलं होतं. काही न कळून तो नुसताच हसला. नेरेइदाने त्याला नीट न्याहाळलं आणि तान्ह्या बाळाला सांगावं तसं सावकाश इंग्रजीत सांगितलं, "पाहुण्यानं आधी खायचं."

"नको गं, माझं पोट भरलंय."

"सगळे आधी असंच म्हणतात. मग खातात."

त्याने मदतीसाठी बाईंकडे पाहिलं. "खाऊन टाका," बाई म्हणाल्या. "नाहीतर संध्याकाळी तिची आई मला विचारेल, पाहुणा उपाशी कसा गेला."

त्याने खाल्ली. "माझी आजी अश्शाच करायची," तो पुटपुटला, आणि बोटंही चाटली.

दुसऱ्याने तेच केलं, तिसरीनेही.

"जागचं उठू नका म्हणावं त्यांना," ट्रेव्हिन्यो काकुळतीला आला.

"म्हटलं की. रांगेतला एलिसेओ म्हणतो, पाहुणा बाहेर ताटकळत असताना आम्ही आत बसून राहायचं?"

चौथ्या वेळी तो बाथरूममध्ये लपला. दारावर टकटक झाली. पाचव्या वेळी मोटारीत काचा वर करून बसला, तर एलिसेओने बशी काचेला चिकटवली आणि उन्हानं वितळायच्या आत वडी संपवायची सूचना दोन्ही भाषांत दिली. नववी वडी संपली तेव्हा ट्रेव्हिन्यो पोरांच्या इवल्याशा खुर्चीवर पोट धरून बसला होता आणि ग्रिसेल्डाबाई त्याच्यासाठी कॅमोमाइलच्या फुलांचा चहा करत होत्या. आपल्या हातानेच वर्ग बुडवला, असं त्यांना वाटत होतं.

एवढ्यात व्हिटलॉकबाई आल्या. "किती मुलांनी वडी खाल्ली?"

"मुलांनी? एकानंही नाही," ट्रेव्हिन्यो म्हणाला.

"मग नऊ वड्या गेल्या कुठं?"

ट्रेव्हिन्योने शर्टावरचा गुलाबी चुरा झटकला. "बाई, वासानं पोरांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, पण एकानंही चाखली नाही. मला स्पॅनिश येत नाही हे कळल्यावर प्रत्येक जण क्षणात इंग्रजीवर आला. गोंधळ झाला तो फक्त माझा. अहवालात मी हेच लिहिणार आहे."

व्हिटलॉकबाईंनी एकेका पोराकडे निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, "तर मग वर्ग आहे तसाच चालू दे."

ग्रिसेल्डाबाईंना तिथेच नाचावंसं वाटलं. त्यांनी उरलेल्या वड्या वाटल्या. दोनाऐवजी एकच मिळाली, पण कुणी कुरकुर केली नाही. खाल्लीही नाही. नऊ जण आपापली वडी हातात धरून व्हिटलॉकबाईंकडे बघत होते. वर्षभरात त्या वर्गात पहिल्यांदाच आल्या होत्या.

"अगं नको, माझं पोट भरलंय," व्हिटलॉकबाई म्हणाल्या.

नेरेइदा हसली. ग्रिसेल्डाबाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.