समजले नाही, म्हणून उत्तीर्ण

आष्टीजवळच्या एका महाविद्यालयात मराठी विषय घेणारे विद्यार्थी इतके घटले, की मराठीचे प्राध्यापक काकासाहेब यांचे पद रद्द व्हायची वेळ आली. पद टिकवायचे तर तास दाखवणे भाग होते, आणि परकी बोलभाषा शिकवायला नियमांत मुभा होती. फ्रेंच-जर्मनचे शिक्षक मिळत होते, पण ते पगार मागत. म्हणून प्राचार्य राधेश्याम यांनी आयरिश निवडली. या भाषेत 'हो' आणि 'नाही' असे स्वतंत्र शब्दच नाहीत, हे त्यांनी कुठेसे वाचले होते. कार्यालयीन कामाला इतकी सोयीची भाषा आपल्याकडे आजवर कशी आली नाही, याचे त्यांना नवल वाटले.

काकासाहेबांना आयरिश येत नव्हती. पण येत नसलेला विषय शिकवू नये असा नियम कुठे सापडला नाही. माणूस मात्र प्रामाणिक. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मेंढ्या पाळणाऱ्या एका बाईंशी ते मोबाइलवर बोलू लागले. वर्गातली प्रीती शेजारी बसू लागली. वर्षअखेर दोघे त्या बाईंशी मेंढ्यांचे आजार आणि शेजारणीच्या खोडी यांवर सुखाने आयरिशमध्ये गप्पा मारत. बाकीचा वर्ग हजेरीपुरता आयरिश होता.

तोंडी परीक्षेला पुण्याहून भाषातज्ज्ञ आले. निकाल चांगला लागला तरच काकासाहेबांचे पद राहणार होते. तज्ज्ञांनी आरंभीच निकष स्पष्ट केला.

"मला आयरिश येत नाही. तेव्हा मला जे समजेल ते आयरिश नव्हे, एवढे शास्त्रीयदृष्ट्या निश्चित आहे."

"आणि जे समजणार नाही ते, सर?" काकासाहेबांनी विचारले.

"ते आयरिश नाही असे म्हणणारा तज्ज्ञ आणा. आहे कोणी?"

प्रीती आधी गेली. तिने अस्खलित आयरिशमध्ये नमस्कार केला, पंख्याकडे हात करून तो बंद असल्याचे सांगितले, कपाळ पुसून उकाड्याविषयी बोलली. तज्ज्ञांना सगळे समजले. ती नापास झाली.

भुजंगला आयरिशचा एक शब्द येत नव्हता. तो घाबरला आणि घरच्या वेगाने सुटला. "शहागडच्या पुलावर टेम्पो बंद पडल्ता सर, ढकलून ढकलून बेजार झाल्तो, अन् मालक म्हन्तो जल्दी आण, न्हाई तर खर्चा तुह्याच अंगावर."

"उच्चार अगदी तिकडचे," तज्ज्ञ म्हणाले. भुजंगला पैकीच्या पैकी. बातमी व्हरांड्यात पोचली आणि उरलेला वर्ग त्याच मार्गाने पास झाला.

मग तज्ज्ञांनी शिक्षकांनाही बोलून दाखवायला सांगितले. काकासाहेबांच्या जिभेवर आयरिश तयार होती. त्यांनी प्रीतीकडे पाहिले आणि जिभेवरची आयरिश गिळली. आयुष्यभर पोरांच्या तोंडातले 'न्हाई' खोडलेला तो माणूस जमिनीकडे बघत म्हणाला, "तुमाला काईच कळून न्हाई राह्यलं, अन् म्या नोकरी वाचवून राह्यलो. माय असती तं म्हन्ली असती, बाबा, हे काय करून राह्यला तू?"

तज्ज्ञांनी मान डोलावली. एकच पूर्तता उरली: ही भाषा स्थानिक नाही, याला स्थानिक साक्षीदार हवा होता. कॅन्टीनमध्ये भाकरी थापणाऱ्या नंदाबाईंना बोलावले. या भुजंगच्या आई. दाराशी उभ्या राहून त्यांनी सारे ऐकले होते आणि 'माय' शब्दाला डोळेही पुसले होते.

"बाई, हे सर आत्ता बोलले, तसे तुमच्याकडे कोणी बोलते का?"

पुण्याचे साहेब विचारत होते. नंदाबाईंनी पिठाचे हात मागे घेतले, पदर सारखा केला आणि एकेक शब्द जपून उच्चारला. "नाही सर. आमच्या इथे असे कोणीही बोलत नाही."

पद कायम झाले.

प्रीतीने ही हकीकत मेंढ्यांच्या बाईंना सांगितली. त्या हसतील अशी तिची अपेक्षा होती. पण बाई म्हणाल्या, "आमच्या आजीनेही इंग्रज साहेबाला हेच सांगितले होते."

वाचकहो, तुम्ही हसला असाल तर उत्तमच. फक्त भुजंगचे बोलणे वाचताना ज्यांनी ते मनातल्या मनात शुद्ध करून घेतले, त्यांची नावे पुढच्या वर्षीच्या परीक्षक मंडळासाठी पाठवली आहेत. प्रवासखर्च मिळेल.