माळ्यावर चार बसतील

नाईकरे काका कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की आधी माळ्याकडे बघतात. घरचे लोक ‘या, बसा’ म्हणत असतात आणि काका मान वर करून अंदाज घेत असतात. मी मोशीच्या या सोसायटीत राहायला आले, तेव्हा समोरच्या दारातले शेजारी म्हणून ते चहाला आले होते. बसण्याआधीच म्हणाले, “मॅडम, तुमच्या माळ्यावर चार बसतील. लेकरं असली तर पाच.” मला वाटलं, बॅगांबद्दल बोलतायत. ते माणसांबद्दल बोलत होते.

काका चाकणच्या एका कंपनीतून क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले. काकू जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी नाशिकला असते. घरात आता ते आणि त्यांची पुस्तकं. पुस्तकंही सगळी एकाच जातीची. नाझींच्या काळात ज्यांनी ज्यू लोकांना स्वतःच्या घरात लपवून वाचवलं, त्या माणसांनी लिहिलेल्या आठवणी. कुणी तळघरात कुटुंब ठेवलेलं, कुणी गोठ्यात, कुणी कपाटामागे. काका शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजी वाचतात आणि सकाळी जिन्यात मला गाठतात. “मॅडम, त्या बाईनं दोन वर्षं सात माणसं सांभाळली. शेजारणीला वास येऊ नये म्हणून कांदा परतायचा न्हाई. जमंल तुम्हाला?” शाळेची बस पकडायच्या घाईत मला ते जमणार नसतं, आणि काका नापास केल्यासारखी मान हलवतात.

सेक्रेटरींच्या नव्या स्वयंपाकघराचं कौतुक करायला सगळे जमले, तेव्हा काकांनी एकेक ट्रॉली ओढून बघितली आणि सांगितलं, “मांजरसुद्धा लपायचं न्हाई हितं.” सेक्रेटरींची बायको महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही.

कंपनीची सवय पुस्तकांनाही लागली आहे. तिथे तपासलेल्या मालाला टॅग लावतात. पास झाला तर हिरवा, निर्णय लटकला असेल तर पिवळा, नापास झाला तर लाल. काकांच्या पुस्तकांतून तशाच रंगीत चिठ्ठ्या डोकावतात. दार वाजल्याबरोबर ज्यानं उघडलं त्याच्या पानाला हिरवी. विचार करत थांबला आणि मग उघडलं, त्याला पिवळी. परवा ईदच्या दिवशी मी त्यांच्याकडे वर्तमानपत्र आणायला गेले होते, तेव्हा सहज विचारलं, “काका, लाल एकही नाही?”

“लालवाले पुस्तकं लिहीत न्हाईत, मॅडम.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कंपनीतले जुने सोबती रशीदभाई शिरखुर्म्याला बोलवत होते. दर ईदला बोलवतात. काका दर ईदला म्हणतात तेच म्हणाले, “नको रे, साखर हाय मला.” आदल्याच आठवड्यात आमच्याकडे या माणसानं तीन पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या. मी चिडवायला म्हणून विचारलं, ही साखर फक्त ईदलाच वाढते का. काका हसले नाहीत. खुर्चीत बसले आणि सांगू लागले.

तीस वर्षांपूर्वी दोघं काळेवाडीत शेजारी शेजारी खोल्यांत राहायचे. एका दुपारी दंगल होणार अशी अफवा उठली. रशीदभाई कामावर होते. त्यांच्या बायकोनं, शकीलाभाभींनी, कडेवर पोर घेऊन काकांचं दार वाजवलं. तीनदा. “भाऊ” म्हणून हाकही मारली. काका दारामागेच उभे होते, कडीवर हात ठेवून. मग चपलांचा आवाज लांब गेला. गल्लीच्या टोकाला भाजीवालीनं त्यांना आत घेतलं. संध्याकाळपर्यंत अफवा विरली, कुणाला काही झालं नाही.

“दुसऱ्या दिवशी रशीदनं डबा उघडला आन् रोजच्यासारखा माझ्याकडं सरकवला,” काका म्हणाले. “पुस्तकात मी एवढंच हुडकतो. कडीवर हात ठेवल्यावर त्या लोकांनी काय केलं. त्यांचा हात कसा हलला.”

मला या माणसाची फार माया आली. मी गाडीची किल्ली घेतली. “चला, काका.” आढेवेढे झाले, पण अखेर ते मागे बसले. रशीदभाई आता दापोडीला राहतात.

रशीदभाईंच्या दारासमोर काका उभे राहिले. बेलकडे बोट गेलं आणि तिथेच थांबलं. मी दाबणार होते, पण तेवढ्यात गाडीचा आवाज ऐकून आतूनच दार उघडलं. पांढऱ्या केसांची बाई. ओढणी सावरत बघतच राहिली.

“भाभी,” काका म्हणाले, “त्या दिवशी मी घरात होतो.”

“माहितीये, भाऊ. स्कूटर दारात होती ना तुमची.”

काकांनी बेलकडचं बोट खाली घेतलं. भाभी म्हणाल्या, “राग होता मला. पुष्कळ वर्षं होता. यांनी डबा दिला तुम्हाला, मी दिला नसता.” आणि दारातून बाजूला सरकल्या. “आत या. तेव्हापासनं उभेच आहात.”

काका आत गेले. भाभींनी शिरखुर्म्याची वाटी आणली आणि त्यांच्यासमोर नुसतीच धरली. “साखर आहे म्हणे तुम्हाला.”

“न्हाई,” काका खाली मान घालून म्हणाले. “ते बी खोटंच.”

“ते पण माहितीये,” म्हणत भाभींनी वाटी त्यांच्या हातात दिली.

काका सावकाश खात होते. डोळे वाटीवरच होते. माळ्याकडे मीच बघितलं. चार सहज बसले असते.