गाडी नेमकी कोणी काढली?

अमेरिकन फुटबॉल जिंकतो तो चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक, बाकीचे दहा जण नुसती गर्दी करतात! हे माझं मत आमच्या बफेलो शहरात मी कोणालाही बेधडक ऐकवतो. त्या रविवारी तर आमचा संघ जिंकला होता, त्यामुळे स्टेडियमपासूनच गाडी चालवता चालवता मी माझ्या दोन्ही मेव्हण्यांचं डोकं खात होतो.

"दाजी, तो चेंडू फेकतो, मान्य," चेस्टर म्हणाला. हा शाळेत पुढच्या फळीत खेळायचा आणि अजूनही दारातून तिरका होऊन आत येतो. "पण त्याच्यापुढे उभं राहून मार कोण खातं? आम्ही!"

"मार काय, गादीही खाते!" मी म्हणालो.

चेस्टरचं तोंड फुगलं. मागच्या सीटवर धाकटा कॅझ मांडीवर केक घेऊन बसला होता. सासूबाईंची पंचाहत्तरी! चारला केक कापायचा होता. "उशीर केलास तर आईला तोंड तूच दे," असं माझ्या बायकोने, डोलोरेसने, बजावलं होतं. आणि नेमकी तेव्हाच गाडी बर्फात रुतली!

दोघे उतरले. गचक्यांनी चुराडा नको म्हणून कॅझने केकही उतरवून एका कुंपणाच्या खांबावर ठेवला. मग मागून असा रेटा दिला की गाडी सुटली!

आता, बर्फातून सुटलेली गाडी थांबवायची नसते, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. थांबली की रुतलीच. ढकलणाऱ्यांनी पळत येऊन आत उडी घ्यायची. मी हळूहळू चालवत खिडकीतून ओरडलो, "बघितलंत? कशी काढली मी!"

आरशात बघतो तर दोघे जागच्या जागी उभे!

"तुम्ही काढलीत?" चेस्टर गरजला. "मग जा एकटेच!"

"अरे, चेष्टा केली!"

"आधी म्हणा, आम्ही काढली!"

"बरं बाबा, निम्मी तुम्ही!"

"निम्मी?"

भांडायला थांबावं तर गाडी रुतणार, न थांबावं तर हे येणार नाहीत! कुठे डोकं आपटायचं माणसाने? रस्ता अरुंद, वळायला जागा नाही. निघालो तो थेट सासूबाईंच्या दारात.

"माझी मुलं कुठायत?" सासूबाईंनी विचारलं.

"येतायत... चालत."

"आणि केक?" डोलोरेस.

"तोही चालतच."

पाऊण तासाने बर्फ हटवणारा एक ट्रक दारात आला. मागच्या उघड्या भागात दोघे मेव्हणे, भुवयांवर बर्फ, चेस्टरच्या कोटाखाली केक. अगदी शाबूत! सासूबाई धावल्या त्या सरळ ड्रायव्हरकडे. त्याला मिठी मारून म्हणाल्या, "बाळा, तू होतास म्हणून माझा वाढदिवस झाला!"

केकचा पहिला तुकडाही त्यालाच. मेव्हणे बघतच राहिले. माझी छाती फुगली.

"बघा! स्टिअरिंगवर बसतो त्यालाच शेवटी..."

वाक्य पुरं व्हायच्या आत चेस्टरने माझ्या हातात फावडं ठेवलं. अंगणातला बर्फ उपसायला मी एकटाच बाहेर. खिडकीतून ड्रायव्हर दुसरा तुकडा हाणताना दिसला. भुकेला असेल बिचारा, म्हणून मी कौतुकाने हात हलवला.

तो तुकडा माझ्या वाट्याचा होता, हे डोलोरेसने नंतर सांगितलं!