गिरजामायची सीताफळं

दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी नऊ वाजता, सोनाळ्याच्या गिरजामायवर अन्याय झाला. तिला तेलाच्या वाटीसकट एका घरातून हाकललं गेलं. घर आमचं. हाकलणारा मी.

गिरजामाय गावातल्या बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावते. तिच्या लेखी गावात मोठं झालेलं कोणीच नाही. सभेत सरपंच बोलायला उठले की मागून आवाज येतो, “याची टाळू म्या भरली. तवाही असाच रडे!” सरपंच खाली बसतात. माझ्या भाषणांचीही तीच गत. रस्त्यात भेटली की आधी खांदा चाचपते, मग विचारते, “काऊन रे बापा, सुकून राह्यला?”

माझ्या आत्याला छातीचा कॅन्सर झाला. मुंबईला ऑपरेशन झालं, विजेचा शेक म्हणजे रेडिएशन झालं आणि ती आमच्याकडे राहायला आली. बायका उंबरठ्यावरूनच चौकशी करत. तिचा पेला वेगळा ठेवला गेला. मी भडकलो. ‘हा रोग शिवून होत नाही’ असं पत्रक छापून गावभर वाटलं. आत्यालाही वाचून दाखवलं. खाटेपासून चार हात लांब, खुर्चीवर बसून.

त्या सोमवारी गिरजामाय आली ती सरळ खाटेवर बसली आणि आत्याचे पाय तिनं मांडीवर घेतले.

मी कडाडलो, “मालिशनं रोग अंगभर पसरतो! नव्या महाराष्ट्रात भोंदूंना थारा नाही!”

“रोग माह्या हातानं नाही जात, बापा. तिले झोप नाही, म्हनून आली.”

“बाहेर!”

ती गेली. आत्यानं भिंतीकडे तोंड केलं.

पुढच्या पत्रकासाठी पुरावा हवा म्हणून मी तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, “तुमच्या गावची एक म्हातारी मागेच येऊन गेली. कुठं हात लावायचा नाही, ते विचारत होती. तुम्ही विचारलंत कधी?”

मग मलाही ऐकवलं. हलक्या मालिशनं कॅन्सर पसरत नाही, बराही होत नाही; पण दुखणं आणि धास्ती कमी होते, झोप लागते. मात्र गाठीवर, शेकलेल्या कातडीवर, सुजलेल्या हातापायांवर हात लावायचा नाही, जोर करायचा नाही, आणि आधी डॉक्टरांना विचारायचं.

माफी मागायला गेलो, तर गिरजामाय अंगणात डोळे मिटून एका पिकल्या सीताफळाला तेल लावत होती. बाजूला चार फुटलेली.

“हे काय?”

“बाळंतिनी रगडू रगडू हात जड झाला. डाक्तर म्हने, हलका कर. फुटलं का मीच खाते. आठ दिस झाले, सीताफळंच जेवून राह्यली.”

“मी हाकललं, तरी?”

“तू तं जलमल्यापासून बोंबलतं!”

पाचवं फुटलं नाही. गिरजामाय आमच्याकडे आली. तिनं नुसते तळपाय चोळले आणि आत्या भरदुपारी तोंड उघडं टाकून झोपली.

जागी झाल्यावर आत्यानं विचारलं, “गिरजे, तुले कोन लावते तेल?”

सरपंचाला खाली बसवणाऱ्या बाईनं हात पदराखाली घेतले. आत्यानं आपल्या बऱ्या हातानं त्यातला एक ओढून घेतला, बोटं वाटीत बुडवली आणि चोळू लागली. साऱ्या गावाला हात लावणाऱ्या बाईला कित्येक वर्षांत कोणी हात लावला नव्हता. यावर मी कधी पत्रक काढलं नव्हतं.

वाचकहो, तुमच्या घरात असा आजारी माणूस असेल, तर कुठं हात लावायचा नाही हे आजच डॉक्टरांना विचारून या. बाकीच्या अंगाला हात लावा. आणि आधी ती खुर्ची खाटेपाशी ओढा.